काळी जमीन, पांढरा टाका

सोलापूरची थंडी फार काळ मुक्काम करत नाही. दिवाळी सरता सरता पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावेसे वाटू लागते, मार्गशीर्ष-पौषात ती खरी जाणवते आणि महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. गेल्या हिवाळ्यात याच दिवसांत मी एक वाकळ हाताने शिवली. प्रत्यक्ष शिवणीला दीड महिना लागला; तिच्यावर नक्षी कशाची असावी हे सापडायला मात्र त्याहून अधिक दिवस गेले. तो शोध कुठे अडला आणि कशाने सुटला, हे हातशिवणीची आवड असणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने सविस्तर लिहीत आहे.

माझे आयुष्य नक्षीच्याच कामात गेले. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागांसाठी नक्षीचे आलेख काढण्याचे काम मी तीस वर्षे केले. आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा एकमेकांना छेदतात ती जागा. चौकोन रंगवला तर तिथे ताणा वर उचलायचा, कोरा ठेवला तर खाली राहू द्यायचा. या आलेखावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात. बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढे येते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला जागेवर राहतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ मध्ये पुढे आणलेली ही युक्ती आमच्या शहराने इतकी आपलीशी केली, की इथल्या कामगारांच्या तोंडी ‘जकार्ड’ हा शब्द कोणा माणसाच्या नावाचा आहे हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. पुढे आलेखाचे काम संगणकावर गेले आणि माझा कागद-पेन्सिलीचा व्यवहार थांबला.

त्या तीस वर्षांत मी मोर काढले, कमळे काढली, वेलबुट्ट्या काढल्या. पण त्यांतला एकही मोर मी मोराकडे बघून काढला नव्हता. जुन्या चादरीची नक्षी समोर घ्यायची, व्यापाऱ्याच्या मागणीप्रमाणे तीत फेरफार करायचे आणि चौकोन भरायचे, अशीच कामाची रीत होती. त्या कामाबद्दल मला आजही आदर वाटतो. मात्र वाकळ शिवायला बसलो तेव्हा माझ्याजवळ स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलेली अशी एकही नक्षी नाही, हे प्रथमच लक्षात आले.

वाकळ शिवायची होती ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताई मंगळवेढ्याच्या बाजूला शेतावर राहते. तिथल्या मोकळ्या रानात थंडी शहरापेक्षा जास्त बोचते आणि तिची जुनी वाकळ आता टाके सोडू लागली होती. आमच्या गल्लीत या एकाच वस्तूला तीन नावे आहेत. आम्ही वाकळ किंवा गोधडी म्हणतो, कानडी बोलणारी घरे तिला कौदी म्हणतात आणि तेलुगू बोलणारी पद्मशाली घरे बोंत म्हणतात. नावे निराळी असली तरी रीत बहुतेक सारखीच असते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि कडेला समांतर फिरत फिरत मध्यापर्यंत जायचे.

सुरुवातीला मी माझ्या जुन्या सवयीने गेलो. आलेखाच्या कागदावर सिद्धेश्वराचे मंदिर काढले. मध्ये शिखर, खाली तळ्याचे पाणी, दोन्ही बाजूंना झाडे असा तो बेत होता आणि कागदावर तो चांगला दिसत होता. कापडाचे तुकडे कापून जोडू लागल्यावर त्याची लक्षणे दिसू लागली. शिखराच्या तिरप्या कडा उरेबी, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या, कापल्या गेल्याने ताणल्या जाऊ लागल्या आणि कापड फुगले. झाडांसाठी घेतलेले टेरिकॉटचे तुकडे आणि पाण्यासाठी घेतलेले सुती कापड यांना एकत्र पाण्यात बुडवून वाळवल्यावर सुती कापड आटले, टेरिकॉट आटले नाही, आणि सगळ्या जोडावर चुण्या पडल्या. हे दोष दुरुस्त करता आले असते. खरी अडचण वेगळी होती. ते भिंतीवर लावायचे चित्र झाले होते, आणि अंगावर घेतलेल्या वाकळीचे चित्र कोणी सरळ बघत नाही; ती दुमडते, चुरगळते, गुडघ्यावर उंच होते. दोन आठवड्यांचे काम मी उसवले.

त्यानंतर काही दिवस मी सुई हातात घेतली नाही. सकाळी कोवळ्या उन्हात गच्चीवर बसू लागलो आणि शेजारच्या अक्कांचे काम पहिल्यांदा नीट पाहिले. अक्का विड्या वळतात. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे आणि हिवाळ्यात त्या पाने कापायला उन्हात बसतात. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने मांडीवर घ्यायची, ठरावीक मापाचा पत्र्याचा एक आयत पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने कात्री फिरवायची, असे ते काम चालते. वर्षानुवर्षे मी ते दुरून पाहिले होते. जवळून पाहिल्यावर दिसले की पत्रा ठेवण्याआधी अक्कांचा अंगठा पानावरून फिरतो. जाड शीर कुठे आहे, कीड कुठे लागली आहे, कुठे फाटले आहे हे तो अंगठा बघतो आणि पत्रा ते टाळून बसतो. कापलेल्या प्रत्येक तुकड्याचे माप तेच, पण रंग एकाचा हिरवट, दुसऱ्याचा तांबूस, तिसऱ्यावर काळसर डाग, आणि शिरांची तिरपाई प्रत्येकाची वेगळी. शंभर-दीडशे तुकड्यांची ती चळत सुपात रचलेली होती आणि तिच्या कडेकडून सगळे रंग एकदम दिसत होते.

मी वहीत पानाचे चित्र काढू लागलो आणि थांबलो. पान काढले असते तर पुन्हा मंदिरच झाले असते. त्याऐवजी मी इतकेच लिहून ठेवले: ‘माप एक ठेवावे. रंग ठरवू नये, हाताला येईल तो घ्यावा. फक्त विरलेला भाग टाळावा.’ वाकळीच्या काठाची नक्षी मला या तीन वाक्यांत मिळाली. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याचा दोन इंच बाय चार इंचांचा आयत कापून घेतला आणि घरातल्या जुन्या सदऱ्यांतून, परकरांतून, उशांच्या खोळींतून शिवणीची जागा सोडून तुकडे कापत गेलो. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद वाकळीच्या चारी कडांना असे ११८ तुकडे लागतात. ते जुळवताना रंगांचा क्रम लावण्याचा मोह मी निग्रहाने टाळला. क्रम लावायची माझी सवय जुनी आहे आणि तो टाळणे मला शिवण्याहून अवघड गेले.

काठ झाला, पण मधली जमीन अजून कोरीच होती. डिसेंबरच्या अखेरीस ताईने हुरड्याला बोलावले. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्धच आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ती कोरडवाहू रब्बीची ज्वारी. पावसाळ्यात काळ्या जमिनीने पोटात साठवलेल्या ओलीवर ती वाढते, थंडीत पोटरीला येते, भरते. सकाळी आगटी पेटली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजली गेली, आणि हातावर चोळलेला गरम हुरडा शेंगाचटणीबरोबर खाऊन झाल्यावर मी वही घेऊन पिकात शिरलो. कणसांच्या रांगा काढाव्यात असे मनात होते.

रांगा काढायला खाली बसलो आणि नजर जमिनीवर गेली. ओल उतरू लागल्याने पिकाच्या दोन ओळींमधली माती भेगाळली होती. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून या भेगा पडतात. त्यांतून उरलेली ओल उडून जाऊ नये आणि मुळ्या तुटू नयेत यासाठी कोळपणी करून त्या बुजवतात, हे मला लहानपणापासून माहीत होते. त्या सकाळी मी त्यांच्यापाशी तासभर बसलो. एक लांब भेग होती, तिच्यात माझे बोट दुसऱ्या पेरापर्यंत जात होते. तिला बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान भेगा मी एकेक करून वहीत उतरवल्या, आणि चौदा-पंधरा झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नवी भेग जुन्या भेगेला मिळते तेव्हा बहुतेक वेळा काटकोनाच्या जवळपास मिळते आणि तिथेच थांबते. ती जुनी भेग ओलांडून पलीकडे जात नाही. त्यामुळे नुसते पाहून सांगता येते की कोणती भेग आधी पडली आणि कोणती मागाहून.

आलेखाच्या कागदावर तीस वर्षे काम केलेल्या माणसाला याचा किती आनंद झाला असेल हे सांगणे कठीण आहे. माझ्या चौकोनांत प्रत्येक उभी रेघ प्रत्येक आडव्या रेघेला छेदून पुढे जाते. इथे कोणीच कोणाला छेदत नव्हते आणि तरीही सगळे रान एकमेकांत गुंतलेले होते.

मी ताईला वही दाखवली. तिने ती उन्हात धरून बघितली, काही न बोलता घरात गेली आणि ट्रंकेतून एक काळे लुगडे घेऊन आली. वर्षानुवर्षे संक्रांतीला नेसून, धुऊन, ते मऊसूत झाले होते. एरवी काळे नेसत नाहीत, पण संक्रांतीच्या थंडीत काळ्याची ऊब मानतात. “आरं, काळ्या रानाला काळंच पाहिजे की,” ती म्हणाली. जमिनीचा रंग आधी ठरवायचा असतो हे तिला सांगावे लागले नाही. दोऱ्याचा रंग मी एस.टी.त परतताना ठरवला. भेगा पांढऱ्या दोऱ्याने घालायच्या.

घरी आल्यावर थर मांडले. वर ताईचे काळे लुगडे, दोन तुकडे जोडून रुंदी पुरी केलेले. त्याच्या कडांवर ते ११८ तुकडे टाचलेले. खाली एक बदामी रंगाचे जुने लुगडे. मध्ये घालायला माझ्याच आलेखावरून विणलेली एक चादर काढली. बावीस-तेवीस वर्षे वापरून ती इतकी विरली होती की तिच्यातून सुई सहज जात होती. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा होऊन येतो. आता तिच्या दोन्ही बाजू झाकल्या जाणार होत्या. मोर आत गेला. मला त्याचे वाईट वाटले नाही. ऊब देणारा थर तोच आहे.

खोलीतली फरशी पुसून थर अंथरले, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले. मग खडूने भेगा आखायला बसलो आणि काम पुन्हा अडले. वहीतल्या भेगा जशाच्या तशा मोठ्या करून आखल्या तर त्या मृत दिसू लागल्या. रेघ सलग होती, सगळीकडे सारख्या जाडीची होती, आणि काळ्यावर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी वाटत होती.

याच दिवसांत गड्ड्याची यात्रा आली. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज मिरवणुकीने निघून शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. महाराजांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, त्याचा हा सोहळा. मी दर वर्षी बाराबंदी घातलेल्या मंडळींच्या मागे थोडे अंतर चालतो. मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीचे लांबच लांब गालिचे काढलेले असतात. “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र” असा घोष झाला, उंच काठ्या डोलत पुढे गेल्या, त्यामागून माणसे गेली आणि वाट मोकळी झाल्यावर मी खाली पाहिले. रांगोळीची पांढरी रेघ आता सलग राहिली नव्हती. कुठे पाऊल पडून ती फिकट झाली होती, कुठे दोन बोटे तुटली होती, कुठे ठिपक्यांवर येऊन थांबली होती. तरी तिचा ओघ डोळ्याला कळत होता, कारण तुटलेल्या जागेपुढे ती पुन्हा त्याच दिशेने निघत होती.

त्या रात्री मी खडूच्या रेघा पुसल्या. आधी फक्त तीन लांब भेगा घातल्या, लांब टाक्यांनी आणि दुहेरी दोऱ्याने. मग त्यांना येऊन थांबणाऱ्या लहान भेगा एकेरी दोऱ्याने, आखून न घेता, नियम मनात ठेवून घातल्या: आधीची भेग ओलांडायची नाही, काटकोनाजवळ मिळायचे, आणि टोकाकडे जाताना टाका बारीक करत नेऊन शेवटचे दोन-तीन टाके विरून जाऊ द्यायचे. या टप्प्यावर आखणीची गरज संपली. सुई कुठे जाणार हे मला आदल्या दिवशी माहीत नसायचे, आणि चुकले आहे असे मात्र एकदाही वाटले नाही.

भेगा पूर्ण झाल्यावर थर पक्के करणारी शिवण उरली होती, ती मी काळ्या दोऱ्याने घेतली. कडेपासून आत, दोन ओळींत इंचभर अंतर ठेवून फिरत जायचे. या मापाच्या वाकळीत तो धावदोरा सुमारे ३२४ फूट भरतो, आणि इंचाला तीन टाके धरले तर ११ हजारांहून अधिक टाके होतात. दोरा मेणावरून ओढून घेतला म्हणजे गुंता होत नाही आणि चादरीच्या जाड सुतातून तो फरफटत नाही. बोटात अंगुस्तान घालण्याची सवय मला नव्हती, ती तीन दिवसांत लागली. अक्का एकदा पायरीवर बसून बघत होत्या. “लई लांब टाका घालूलालाव भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि सुई माझ्या हातातून घेऊन त्यांनी सात-आठ टाके घालून दाखवले. त्या दोरा प्रत्येक टाक्याला ओढत नाहीत. सुईवर चार टाके चढवतात आणि मग एकदाच ओढतात, त्यामुळे ओळ सरळ राहते आणि ताण सारखा पडतो. विडीच्या सुपावर हजारो वेळा वळलेली ती बोटे माझ्या वाकळीवर जेमतेम मिनिटभर चालली असतील. त्या आठ टाक्यांची ओळ मी उसवली नाही. ती इतर ओळींपेक्षा नेटकी आहे आणि वाकळीच्या डाव्या कोपऱ्यात आजही ओळखू येते.

एक चूक शेवटी झाली. गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, मी बाजारातून नवे लाल सुती कापड आणले. रंग जाणार नाही असे दुकानदाराने सांगितले, ते मी मानले आणि न भिजवता दोन बाजू शिवून काढल्या. इस्त्रीसाठी पाण्याचा हबका मारल्याबरोबर लाल रंग बदामी लुगड्यात उतरला. दोन्ही बाजूंचा गोट उसवून डाग धुतले तरी एक डाग तळहाताएवढा राहिला आहे. नवे गडद कापड रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहिल्याखेरीज जुन्या कापडाजवळ नेऊ नये, हे मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. गोटासाठी मग पत्नीने तिच्या विरलेल्या इरकलीची किनार काढून दिली. ती रोजच्या धुण्यातली होती, तिचा जायचा तो रंग केव्हाच गेला होता.

महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी वाकळ घेऊन मी ताईकडे गेलो. एका बाजूचा वीतभर गोट मी मुद्दाम उघडा ठेवला होता, कारण शेवटचा टाका ज्याच्या घरी वाकळ जाते त्याने घालावा असे मला वाटत होते. ताईने आतून भाकरीचा वाळलेला, नखाएवढा तुकडा आणला आणि त्या उघड्या जागेतून थरांमध्ये सरकवला. “उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये,” एवढे म्हणून तिने चष्मा लावला आणि गोट शिवून टाकला.

रात्री तिने वाकळ पांघरली ती उलटी. काळी बाजू खाली, बदामी बाजू वर. चांगली बाजू मळू नये म्हणून ती असे करते, नव्या चादरीचेही तिने नेहमी तेच केले आहे. मी समोरच्या बाजेवर होतो आणि कंदिलाच्या उजेडात मला वाकळीची मागची बाजू पहिल्यांदा पूर्ण पसरलेली दिसली. त्या बाजूला कापडाचे तुकडे नव्हते, किनार नव्हती, बदामी कापडावर नुसते टाके होते. काळ्या दोऱ्याच्या ओळी पाभरीच्या तासांसारख्या कडेकडून आत वळत गेल्या होत्या आणि त्यांच्यामधून पांढऱ्या भेगा फिकट, तुटक, कुठे दिसत आणि कुठे हरवत निघाल्या होत्या. ताईने कूस बदलली तशा तिच्या गुडघ्यावरच्या ओळी उंच झाल्या, आणि बांधावरून उतरत जाणारे रान दिसावे तसे ते दिसले. मी उशाखालची वही काढून, कंदील विझण्याआधी, त्या उंचवट्यावरून ओळी कशा वळतात ते काढून ठेवले.